पहिला आकडा सोडायचा

त्या उन्हाळ्यात मी एका जागी बसलेली कुणाला आठवत असेल असं मला वाटत नाही. अभ्यासाला म्हणून घरी आले होते, आणि अभ्यास बसून करायचा असतो. पण मी कानात इअरफोन घालून शेडमधून अंगणात, अंगणातून माळवदावर, ऊन लागलं की पुन्हा खाली, अशी फिरत असायचे. नगरच्या नर्सिंग कॉलेजची शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मी खर्ड्याला परतले होते. परदेशातल्या एका हॉस्पिटलने आमच्या काही मुलींच्या मुलाखती घेतल्या होत्या आणि त्यांत माझी आणि हॉस्टेलमधली माझी मैत्रीण शबाना हिची निवड झाली होती. अट एकच होती. इंग्रजीच्या परीक्षेत वाचणं, लिहिणं, बोलणं आणि ऐकणं या चारही भागांत नऊपैकी सात मिळवायचे आणि दिवाळीच्या आत प्रमाणपत्र पाठवायचं. एका भागात अर्धा जरी कमी पडला तरी जागा दुसरीला जाणार होती. वाचण्या-लिहिण्याचं मी पाहून घेतलं असतं. बोलणंही घोकून घोकून जमत होतं. ऐकण्यात मात्र साडेपाचाच्या वर मी सरकत नव्हते.

ऐकण्याच्या भागात ऑडिओ एकदाच वाजतो. कुणीतरी बाई फोनवर चौकशी करते, कुणी माणूस एखाद्या जागेची माहिती सांगतो, आणि ऐकता ऐकता आपण मोकळ्या जागा भरायच्या. सुटलं ते सुटलं. हे मी आईला समजावून सांगितलं तेव्हा तिने परातीतलं पीठ मळायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"येकदाच बोलत्यात? येवढी कसली घाई त्यास्नी?"

"परीक्षा हाय आई ती."

"म्हणून काय झालं? न्हाई ऐकू आलं तर मानूस परत इचारतोच की. इचारू नगं म्हनं! कसली मानसं म्हणायची ही."

आज मी जिथे काम करते तिथे डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं की ते आपण परत म्हणून दाखवायचं असतं. नाव, मात्रा, वेळ, सगळं. डॉक्टर 'बरोबर' म्हणाले की मगच ते लिहायचं. पहिल्यांदा हा नियम कळला तेव्हा मला आईची आठवण झाली. तिचं म्हणणं शेवटी खरं निघालं, पण ते दिवस सरल्यावर.

आमचं घर ऐकायला बसण्यासारखं घर नव्हतं. माझे वडील, अण्णा, जनावरांचे दलाल. जामखेडचा बाजार तर ठरलेलाच, शिवाय आसपासचे दोन-तीन. त्यामुळे शेडमध्ये कायम चार-पाच जनावरं बांधलेली असायची, आणि तीही तीच नव्हेत. सोमवारी काळी गाय, गुरुवारी तिच्या जागी दोन गोऱ्हे. लहानपणी मी त्यांना नावं द्यायचे. मग सोडून दिलं. नवं जनावर पहिल्या दिवशी हंबरत राहतं, त्यामुळे आमच्याकडे रोजच कुणाचा तरी पहिला दिवस असायचा. सकाळी कडबाकुट्टीचं मशीन सुरू व्हायचं आणि पत्रे थरथरायचे. त्यात अण्णांचा फोन. अण्णा फोन कानाला लावत नसत, समोर धरून स्पीकरवर बोलत. पलीकडचा माणूसही बहुधा तसाच बोलत असावा, कारण दोघेही ओरडत. मधेच आई विचारायची, "मने, भाकरी आत्ता टाकू का मागनं?" मी हाताने नको म्हणून खुणावेपर्यंत ऑडिओतली बाई तीन प्रश्न पुढे गेलेली असायची.

कागद तपासायला घेतला की चूक नेहमी एकाच जातीची निघायची. बोलणारा माणूस आधी एक सांगतो आणि मग बदलतो, तिथे मी अडकायचे. पोहण्याच्या क्लासला मंगळवारी येईन, असं बाई म्हणते. मी घाईघाईने मंगळवार लिहिते. मग ती म्हणते, नको, मंगळवारी मुलाला दवाखान्यात न्यायचंय, गुरुवारी येते. तोवर मी मंगळवारचं स्पेलिंग बरोबर आहे की नाही ते बघत बसलेली. कानावर पडलं की धरायचं, निसटू द्यायचं नाही, या धास्तीनेच माझं सगळं निसटत होतं.

अशातच एका जर्सी कालवडीने माझा इअरफोन खाल्ला. मी तो गव्हाणीच्या कडेवर ठेवून पाणी प्यायला गेले आणि परत आले तर तिच्या तोंडातून वायर लोंबत होती. अण्णांनी हात घालून ती ओढून काढली, पण कानात घालायचं एक बोंडूक पोटात गेलंच. "आता ह्या कालवडीला सात पडत्यात बघ," म्हणून अण्णा हसले. मी रडायच्या बेतात होते. नवा इअरफोन नगरहून शबाना पाठवणार होती. तोवर ऑडिओ मोबाइलच्या स्पीकरवर लावायचा, म्हणजे सगळ्या घराने ऐकायचा.

त्या संध्याकाळी आईने हुलग्याचे शेंगुळे केले होते. लसूण-मिरचीच्या त्या पातळ रश्श्याचा वास आला की अजूनही मला अंधार पडायच्या आधीची ती वेळ आठवते. जनावरं पाणी पिऊन गप्प झालेली असत आणि घरात तासभर शांतता असे. अण्णा ताटावर बसले होते. मी तांब्याला मोबाइल टेकवून ठेवला आणि वही मांडीवर घेतली. एक माणूस कार्यक्रमासाठी हॉल ठरवत होता. अण्णा घास तसाच हातात धरून ऐकू लागले. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. सही मराठीतली, तीही सावकाश.

"ह्यो बाबा फिरला," ते एकदम म्हणाले.

"काय?"

"आत्ता जे म्हणला ना, त्येच्यावरनं फिरला. बघ तुजी वही."

मी पाहिलं. माणसाने आधी पन्नास पाहुणे म्हटलं होतं, मग बायकोने सांगितलं म्हणून पासष्ट. वहीत मी पन्नास लिहिलं होतं.

"तुमाला कसं कळलं, अण्णा?"

"कळायला काय त्यात. तीस वर्सं मी दुसरं काय केलंय?" त्यांनी घास तोंडात घातला. "बाजारात पयला आकडा कुनी खरा सांगतं का? पयला आकडा नुसता हवेत सोडायचा असतो. तू त्यो झेलतीस. झेलू नगं. पयला आकडा सोडायचा, मने. दुसऱ्याची वाट बघायची."

ज्यांनी जनावरांचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथे तोंडाने जो भाव बोलला जातो तो आजूबाजूच्या गर्दीसाठी असतो. खरा व्यवहार टॉवेलखाली. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात आणि बोटांवर बोलतात. एक बोट धरलं की एक, पूर्ण पंजा दाबला की पाच, पंजानंतर दोन बोटं धरली की सात. वरून तोंडं चाललेलीच असतात, "अरे गाय बघ, कास बघ, शपथ घेतो", आणि खाली भलतंच ठरत असतं. शेवटी टॉवेल झटकला की सौदा झाला. कितीला झाला ते त्या दोघांनाच ठाऊक. तिसऱ्याने विचारायचं नाही आणि विचारलं तर सांगायचं नाही. अण्णांचा आयुष्यभर तोंडच्या बोलण्यावर विश्वास नव्हता तो यामुळे.

दुसऱ्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. शेंगुळे असोत की पिठलं, ताटाशेजारी मोबाइल. अण्णा डोळे मिटून ऐकत आणि आवाज वळला की डाव्या हाताचं बोट वर करत. मी पहिलं उत्तर कानामागे टाकायला शिकले. साडेपाचाचे सहा झाले, सहाचे साडेसहा. पुढे एकदा सात पडले तेव्हा अण्णांनी आईला सांगितलं, "तुज्या पोरीला आता कोन फशिवनार न्हाई." नवा इअरफोन आला तो मी पिशवीतच ठेवला. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता, पण आत एक चुळबुळ होती. बोट दिसलं की उत्तर यायचं. बोट नसताना येईल का, हे मी करून बघायला घाबरत होते.

परीक्षा पुण्याला होती. अण्णा बरोबर आले. खांद्यावर धुतलेला टॉवेल, पायात बाजाराच्याच चपला. मला गेटमधून आत सोडताना म्हणाले, "काय करायचं?" मी म्हटलं, "पयला सोडायचा." ते समोरच्या झाडाखाली जाऊन बसले.

आत हेडफोन इतका चांगला होता की मला माझाच श्वास ऐकू येत होता. ऐकण्याच्या परीक्षेतला पहिला भाग नीट गेला. एकाने पत्ता बदलला, मी बदललेला लिहिला. दुसऱ्या भागात एक बाई जुन्या रेल्वे स्टेशनची माहिती सांगत होती. तिथे किती जण विनामोबदला काम करतात, असा प्रश्न होता. ती म्हणाली, बारा. स्वच्छ, ठळक बारा. मी पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. पहिला आकडा. मी दुसऱ्याची वाट पाहू लागले. बाई तिकीटघराबद्दल बोलली, मग चहाच्या दुकानाबद्दल. मी म्हटलं, आता फिरेल. ती फिरलीच नाही. तिला फिरायचंच नव्हतं. बाराच होते. पण मी वाट पाहत असताना पुढची दोन उत्तरंही निघून गेली, आणि गेलेल्या उत्तरांच्या मागे मन धावू लागल्यावर तिसरा भाग नुसता आवाज म्हणून कानावरून गेला. किती सुटलं ते मोजायचीही हिंमत झाली नाही. बाजार उठल्यावर मैदानात एकटी उभी राहिलेली बाई मी लहानपणी पाहिली होती. दाव्याला धरलेली तिची गाय तशीच होती. योग्य भाव सांगणारं गिऱ्हाईक तिने सकाळी परत पाठवलं होतं. त्या हॉलमध्ये मला ती आठवली.

एसटीत अण्णांनी भेळेचा पुडा माझ्या मांडीवर ठेवला. "सोडलास ना पयला?"

"सोडला," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

निकाल मोबाइलवर आला तेव्हा मी माळवदावर वाळत घातलेल्या शेवया उलट्या करत होते. वाचणं साडेसात, लिहिणं सात, बोलणं सात. ऐकणं सहा. शबानाचा फोन लगेच आला. तिला चारही भागांत सातच्या वर होते. ती हसत होती, मग माझा आवाज ऐकून थांबली. म्हणाली, "तारीख बघ लगेच. दिवाळीच्या आत अजून एकदा बसता येतं. एकदाच." मी शेवया तशाच ठेवून खाली आले, पुन्हा वर गेले, पुन्हा खाली. निकालाचं दुःख होतंच, पण ते मला झेपलं असतं. अण्णांना काय सांगायचं ते सुचत नव्हतं. माझ्या शिक्षणात त्यांना पहिल्यांदाच काहीतरी देता आलं होतं. शाळेत ते कधी आले नाहीत, कॉलेजच्या फॉर्मवर नुसती सही केली. आणि जे एक दिलं त्यानेच मी पडले, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी अण्णा शेडमध्ये गाईचं दावं बदलत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लागला का गं?"

"न्हाई अजून. साइट बंद हाय. शबानाचा बी न्हाई लागला. म्हणजे तसा लागतो लवकर, पण ह्यावेळी लई मुलं बसली हुती म्हणं, त्यामुळं सोमवार-मंगळवार उजाडंल, कदाचित बुधवार—"

"लागलाय," अण्णा म्हणाले.

मी गव्हाणीतला कडबा सारखा करू लागले.

"खरं सांगनारा येवढं बोलत न्हाई, मने." त्यांनी दाव्याची गाठ पक्की केली आणि पालथ्या घमेल्यावर बसले. "किती?"

मी सांगितलं. मग त्या बाराचं, तिकीटघराचं, वाट बघत बसल्याचंही सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

"म्हंजे म्या पाडलं तुला."

"न्हाई अण्णा, मीच—"

"गप." ते हाताचे घट्टे चोळू लागले. "अर्धीच इद्या दिली की मी. बाजारात खरं बोलनारी मानसं बी असत्यात, ह्ये सांगायचंच राहिलं. मला वाटलं, तुला ठावं असंल. आता तू काय केलंस? लागला का इचारल्यावर न्हाई म्हणलीस आन् थांबलीस का? न्हाई. बोलतच सुटलीस. खोटा आकडा सांगनाऱ्याला त्याच्यामागं काय ना काय ढकलावं लागतं. खरा सांगनारा आकडा सांगतो आन् दम घेतो. येवढंच हाय बघ. उद्या चल माझ्याबरूबर."

"बाजारात?"

"मग काय देवळात?"

जनावरांच्या बाजारात बायका असतात, पण चहाच्या गाड्यावर, दावी-घुंगरं विकताना. सौद्याच्या कोंडाळ्यात क्वचितच. अण्णांनी मला स्वतःच्या पाठीमागे, तोंड फिरवून उभं केलं. "बघायचं न्हाई. नुसतं ऐकायचं." धूळ, हंबरणं, भज्यांच्या कढईचा वास, आणि आमच्या घरापेक्षा शंभरपट गोंगाट. बाबूचाचा, अण्णांचे जुने जोडीदार, शेळ्यांचे व्यापारी, माझ्याकडे बघून ओरडले, "काय रं, पोरीला गिऱ्हाईक करून आनली का? का माझ्या शेळ्या पळवायला पहाऱ्याला उभी केली?"

"इंग्रजी शिकाया आलीय," अण्णा म्हणाले.

"हितं?" बाबूचाचांनी बोकडाकडे बोट दाखवलं. "मग ह्यो मास्तर चांगला हाय बघ तिला."

मी हसले, आणि त्या उन्हाळ्यात बहुधा पहिल्यांदाच एका जागी उभी राहिले. एक दलाल भाव सांगत होता आणि त्याच दमात गाईचं दूध, तिची आई, त्याच्या पोरांची शपथ. अण्णांचं कोपर मला लागलं. "खोटा," मी पुटपुटले. तासाभरानंतर डोंगराकडच्या खेड्यातून आलेला एक म्हातारा आपल्या खोंडाचा भाव बोलला. बोलला आणि थांबला. नंतर मागून फक्त खोंडाच्या मानेवर हात फिरवल्यासारखा खरखर आवाज आला. कोपर लागायच्या आधीच मी म्हटलं, "खरा." नंतर कळलं, अण्णांनी त्या म्हाताऱ्याशी एका शब्दाची घासाघीस न करता गिऱ्हाईक आणून दिलं.

ही काही शास्त्रशुद्ध पद्धत नव्हे. परीक्षेतली माणसं समोरचा कागद वाचणारी. त्यांना कसलं खरं आणि खोटं. पण घरी येऊन ऑडिओ लावला तेव्हा लक्षात आलं, की पुढे जे बदलायचं आहे ते म्हणताना वाचणाऱ्याचाही आवाज अधांतरी राहतो, आणि जे ठरलेलं आहे तिथे तो खाली टेकतो. इतके दिवस मी शब्दांच्या मागे पळत होते. सहा बाजार मी अण्णांच्या पाठीमागे उभी राहिले. घरी अण्णांनी बोट वर करायचं थांबवलं, मी सांगितलं नव्हतं तरी. आई म्हणायची, "पोरगी बाजारची झाली." पण तीच भाकरी आधी का नंतर हे आता विचारत नसे, ऑडिओ संपेपर्यंत तवा उतरवून ठेवायची.

दुसऱ्या परीक्षेला मी एकटी गेले. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एका माणसाने बागेत किती वाफे आहेत ते सांगितलं, त्याचा आवाज टेकला, आणि मी लिहिलं. लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

निकाल आला तो बाजाराचा दिवस होता. अण्णा पहाटेच गेले होते. फोन करता आला असता, पण ते तो स्पीकरवर घेणार आणि सगळा बाजार ऐकणार. मी वडापच्या जीपने जामखेडला गेले. कोंडाळ्यात अण्णा एका गिऱ्हाइकाचा हात नुकताच सोडत होते. मला पाहून त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. बाबूचाचा म्हणाले, "काय लागलं गं पोरी? पास का नापास?" आठ-दहा माणसं वळली.

मी तोंड उघडलं. आणि मला वाटलं, इथे नाही, तोंडाने नाही. मी हात पुढे केला.

खांद्यावरचा टॉवेल काढून अण्णांनी आमच्या हातांवर टाकला. घामाचा आणि कडब्याचा वास असलेला तो टॉवेल. मागून कुणीतरी खिदळलं, "आरं, हा आता पोरीचा बी भाव करतो का काय?"

अण्णा वळले नाहीत. "भाव ती सांगतीया," म्हणाले. "मी निस्ता ऐकतोय."

त्यांचा तळवा खरबरीत होता आणि थंड पडला होता. मी पूर्ण पंजा दाबला. मग दोन बोटं धरली. त्यांना सवयच होती. ते थांबून राहिले, हा आकडा फिरतो का ते बघत. मी पुढे काही केलं नाही. बोटं धरून गप्प उभी राहिले आणि दम घेतला.

टॉवेल झटकला गेला तेव्हा बाबूचाचा ओरडले, "आरं, किती ते तरी सांग!" अण्णांनी टॉवेलने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं, आणि म्हणाले, "कधी सांगितलंय का?"